खालचा पाटा

टाकी भरली की गाडीचं नाक वर जातं
आणि पुढचे दिवे रस्ता सोडून
चांदण्या धुंडाळायला लागतात.
पिन्यॉनहून घरापर्यंत सव्वीस मैल
मी अशी आभाळ उजळत येते.
समोरचा चिडून दिवे मारतो.
त्याला काय सांगू, मागे आठशे किलो पाणी आहे,
दहा दिवसांचं, शेळ्या धरून.

शहाऐंशीची शेव्हरले पिकअप.
उंच केली डेल्विननं, माझ्या भाच्यानं,
तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता.
पुढे नवे पाटे घातले, मागे नुसते ठोकळे,
कमान आणि अ‍ॅक्सलच्या मधे चार-चार इंच लोखंड.
"बघ, कसली दिसते!"
दिसायची खरी.
लोरिना मावशीला चढायला दुधाचा क्रेट लागायचा.
आणि पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडला
की पाटे ओल्या फडक्यासारखे पिळायचे,
बुडाखालून धडधड,
जणू गाडीलाच जायचं नाहीये.

गॅलपला एट्सिटीचं स्प्रिंगचं दुकान आहे.
तो आधी गाडीखाली गेला, बराच वेळ आला नाही.
मग हात पुसत म्हणाला, हवेचे फुगे बसवता येतील,
भार आला की हवा भरायची.
मी म्हटलं, आमच्या रस्त्याला काटे आहेत,
जानेवारीत वाटेत फुटला तर फुंकणार कोण?
"मग एक जादा पाटा घाला. स्वस्त पडेल."
पण हे त्यानंच पुढच्या श्वासात खोडलं:
थकलेल्यांत एक तरणा घातला
की सगळं त्याच्याच माथी येतं.
आणि शॉक अ‍ॅब्झॉर्बर?
ते काही उचलत नाहीत, बाई.
ते फक्त थरथर विसरायला लावतात.

मावशी कोपऱ्यात सूर्यफुलाच्या बिया सोलत होती.
आमच्या भाषेत विचारलं तिनं,
"पाणी आणायला जाताना टाकीत काय असतं?"
काही नसतं.
"म्हणजे अर्धा रस्ता ती रिकामी धावते.
तिला रिकामं चालता येईल असं काही आहे का याच्याकडे?"

एट्सिटी हसला नाही. आत गेला
आणि नवा संच ओढत आणला.
वरचे पाटे पातळ, पुरेसे वाकलेले,
स्वतःच्या कमानीनंच उंच,
ठोकळ्यांची गरज नाही.
सगळ्यात खाली एक जाड, जवळजवळ सरळ,
वरच्यांपासून बोटभर अंतर राखून.
"हा रिकाम्या गाडीत कशालाच शिवत नाही," तो म्हणाला.
"ओझं आलं की मगच लागतो."
मी मावशीकडे पाहिलं.
ती बिया सोलत होती.

मोडेन पण वाकणार नाही म्हणणारं लोखंड
त्याच्या भिंतीशी रचून ठेवलेलं आहे,
भंगाराच्या भावानं जातं.

सहाशे नव्वद डॉलर. तीन बोकड विकले,
चौथ्याचं तोंड बघून ठेवला.
डेल्विन शनिवारी आला, न बोलता जॅक लावला.
जुने यू-बोल्ट गंजून एकजीव झालेले, ते कापावेच लागले.
ठोकळे निघाले तेव्हा तो ते हातात घेऊन
जरा वेळ उभा राहिला.
मी काही म्हटलं नाही.
एक मावशीनं नेला, दाराला लावायला,
वसंतात वारा फार आपटतो.
दुसरा त्याच्याच गाडीत गेला असावा.

उंची फारशी कमी झाली नाही.
क्रेट अजून लागतो.

काल पहिली भरलेली खेप.
वळणावर मागून एकदाच दबका आवाज आला, ठक्,
खालचा पाटा लागल्याचा,
आणि गाडी सरळ झाली.
दिवे रस्त्यावर पडले.
केवढे खड्डे आहेत या रस्त्याला!
एक ससा होता, तो आधी मला दिसला, मग मी त्याला.
वर चांदण्या असणारच.

शंभर मैलांनी बोल्ट परत आवळायचे,
एट्सिटीनं बिलाच्या मागे लिहून दिलंय.
जाऊन-येऊन बावन्न झाले.
आणखी एक खेप.